हुरड्याच्या दिवसांतला नेम

"ज्वारी हुरड्याला आलीय, येऊन जा," असा तिसगावहून मामीचा फोन येतो आणि माझे अंगठे अस्वस्थ होतात. इतरांच्या तोंडाला पाणी सुटत असेल, माझे अंगठे वळवळायला लागतात. हातात खडू असो की चहाचा कप, त्यांना काहीतरी दाबायचं असतं, सरकवायचं असतं. कॉलेजात शिकवताना मी हात मागं बांधून उभी राहते. मुलांना वाटतं, मॅडम आज कडक मूडमध्ये आहेत. मॅडम मूडमध्ये वगैरे काही नसतात. मॅडमना कुठल्या तरी पडक्या गोदामाच्या भिंतीआड बसून समोरच्या खिडकीवर डोळा ठेवायचा असतो.

यंदाही तसंच झालं. फोन ठेवला आणि ती एक थंडी जशीच्या तशी अंगावर आली. सावेडीतल्या आमच्या गच्चीवरचं कोवळं ऊन, कठड्यावर वाळत घातलेल्या गोधड्या, त्यांना टेकून बसलेले आम्ही चौघं, आणि चौघांच्या हातातले चार मोबाईल.

मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. वैभव, माझ्या मामाचा मुलगा, शिकायला म्हणून तिसगावहून आमच्याकडं राहायला आला होता. माझ्याहून लहान, मला ताई म्हणायचा, आणि घरात इतका कमी बोलायचा की आईला त्याला भाजी हवी की नको हे त्याच्या ताटाकडं बघून ठरवावं लागायचं. पलीकडच्या गल्लीत ओंकार राहायचा. आणि माझ्या वर्गातली रिबेका, तिचे वडील शाळेत शिक्षक, ती चर्चच्या गायनमंडळात गायची. आम्हा चौघांना कशानं एकत्र आणलं? त्या खेळानं. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं आमच्यात.

खेळ तुम्हाला माहीत असेल, निदान शेजारच्या घरातून त्याचा आवाज तरी ऐकला असेल. मोबाईलवर एक बेट असतं. आकाशातून उतरायचं, बंदुका शोधायच्या, आणि चौघांनी मिळून बाकीच्या सगळ्या चौकड्या संपवायच्या. आपल्याला आपलं तोंड दिसत नाही, फक्त पुढं धरलेली बंदूक दिसते, जणू आपलेच डोळे त्या बेटावर फिरतायत. बेटावरचं एक वर्तुळ हळूहळू लहान होत जातं. त्याच्या बाहेर राहिलात तर मेलात. म्हणजे शेवटी सगळ्यांना एकमेकांच्या समोर यावंच लागतं.

या खेळात ओंकार राजा होता. त्याचे दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या अशा चालायच्या की त्याच्याकडं बघताना मला पेटी वाजवणारा माणूस आठवायचा. समोर कुणी दिसलं, आणि दिसलं हे आपल्याला कळेपर्यंत तो माणूस खाली पडलेला असायचा. गोळ्या सुटताना बंदूक वर उसळते, ती बोटानं खाली ओढून धरावी लागते. ओंकारची बंदूक उसळायचीच नाही. प्रत्येक डाव संपला की पडद्यावर कोणी किती मारले ते यायचं. ओंकार वर. मी तळाला. कायम तळाला.

पण डाव मी चालवायचे. कुठं उतरायचं, कुठल्या घरात थांबायचं, कधी पळायचं, कधी श्वास रोखून बसायचं, हे मी सांगायचे आणि तिघं ऐकायचे. मला नकाशा दिसायचा. म्हणजे नकाशा सगळ्यांनाच दिसतो, पण मला त्यावरची माणसं न दिसताही दिसायची. लांब उत्तरेला गोळीबार झाला, मग थांबला, म्हणजे तिथं जिंकलेली टोळी आता औषधपाणी करून आपल्या दिशेनं निघणार आणि पुलावरूनच येणार, कारण नदीत उतरायला त्यांना वेळ उरलेला नाही. हे सगळं डोक्यात एका क्षणात व्हायचं. मी म्हणायचे, "पुलावर नजर ठेवा." आणि खरंच ते पुलावरून यायचे. ओंकार त्यांना टिपायचा. पडद्यावर नाव ओंकारचं यायचं.

मला त्याचं वाईट वाटत होतं का? आज नाही म्हणणं सोपं आहे. तेव्हा वाटायचं. मग अंथरुणात पडल्यापडल्या मनाशी वाद घालत बसायचे, की नेम म्हणजेच सगळं का? पाहून मारणं हे कौशल्य, आणि कुठं पाहायचं हे ठाऊक असणं हे काय? नुसता अंदाज? रिबेकाचं तर त्याहून अवघड होतं. तिला हेडफोनमधून पावलं ऐकू यायची. पावलं आम्हालाही ऐकू यायची, पण ती सांगायची, "दोघं आहेत. एक लाकडी जिन्यावर आहे, दुसरा बाहेर गवतात थांबलाय." तिनं सांगितलं की तसंच निघायचं. विचारलं तर म्हणायची, "अगं, गाताना शेजारची काय गातेय ते ऐकावंच लागतं ना, त्यातलंच आहे हे." तिचंही नाव पडद्यावर खालीच.

आणि वैभव? वैभव मधला. ना धड वर, ना खाली. सांगितलेलं करायचा. त्याचा मोबाईल तापायचा, काचेला कोपऱ्यात तडा होता, आणि तो मध्येच अडकायचा. ओंकारकडं नवा कोरा फोन होता, चित्र पाण्यासारखं सरकायचं. त्यामुळं नेमातला कितीसा भाग ओंकारचा आणि किती त्याच्या फोनचा, हाही एक प्रश्न होताच. एकदा दोघांनी फोन बदलून खेळून बघितलं. वैभव जरा वर आला, ओंकार जरा खाली. पण ओंकार तरीही वरच होता. म्हणजे फोन हे पुरतं उत्तर नव्हतं.

त्या थंडीत मामानं आम्हा चौघांना हुरड्याला बोलावलं. शेतात आगटी पेटलेली, गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं खुपसलेली, मामी तळहातांवर ती गरम कणसं चोळून दाणे परातीत टाकत होती. शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरं. ओंकारची बोटं चटकली तर तो ओरडला आणि मामी हसली, "शहरातली बोटं हायती, जपून." बांधावरच्या माळ्यावर उभा राहून मामा पाखरं हाकलत होता. हातात गोफण. भोरड्यांचा थवा ज्वारीवर उतरायला लागला की तो गोफण गरगरा फिरवून दगड सोडायचा आणि थवा चादर झटकल्यासारखा उठून जायचा.

"तुमच्यात नेम कुणाचा बरा हाय?" मामानं विचारलं.

आम्ही तिघांनीही ओंकारकडं बोट केलं. मामानं त्याला वर बोलावून गोफण दिली. ओंकारनं ती फिरवली, आणि दगड मागं जाऊन विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर असा काही आदळला की पाखरं सोडाच, पलीकडच्या रानातलं कुत्रंसुद्धा पळालं. सगळे हसलो. ओंकारही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. मग तो बराच वेळ बांधावर एकटाच बसून राहिला. मी त्याच्यासाठी हुरड्याची ताटली घेऊन गेले, तर म्हणाला, "एवढ्या लहान पडद्याच्या बाहेर मला काहीच येत नाही, नाही का गं?" मी काहीतरी बोलून त्याची समजूत काढली. पण त्या वाक्यानं मलाही धरलं. त्याचा नेम अंगठ्यात होता आणि अंगठ्यातच राहणार होता. माझं ते जे काही होतं, ते कुठं राहत होतं?

संभाजीनगरला एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. मोठी होती, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून चौकड्या येणार होत्या. आम्ही नाव दिलं आणि सरावाला लागलो. माझ्या प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर होत्या. आई गच्चीवर गोधड्या उचलायला यायची आणि म्हणायची, "अंगठे दुखतायत म्हणून मलम मागता आणि याला खेळ म्हणता." सरावात अनोळखी चौकड्यांशी सामने व्हायचे. कधी चुकून सगळ्यांना ऐकू जाणारा माईक चालू राहिला आणि माझा किंवा रिबेकाचा आवाज पलीकडं गेला, की तिकडून घाण बोलणी यायची. "पोरगी आहे रे, सोप्पं आहे." मग ते आमच्यावर धावून यायचे, डोकं न वापरता. रिबेका हसून म्हणायची, "चालू राहू दे माईक. आपल्याला शोधायला नको त्यांना." आम्ही तेही वापरलं. पण वापरून झाल्यावर मी खाली जाऊन तोंड धुऊन यायचे.

आणि मग एका रविवारी दुपारी ओंकार हार्दिकला घेऊन आला. हार्दिक श्रीरामपूरचा. ओंकारइतकाच जलद, कदाचित जास्तच. आळीपाळीनं एकेकाला बाहेर बसवून तो आमच्याबरोबर काही डाव खेळला आणि गच्चीवरची हवाच बदलली. आता दोन दोन बंदुका अशा होत्या, ज्या चुकत नव्हत्या. कुठं उभं राहायचं याचा विचारच करावा लागत नव्हता. जो समोर येई तो पडे.

हार्दिक गेल्यावर ओंकारनं घसा खाकरला. "हे बघ मुक्ता, राग मानू नको. स्पर्धेत मारलेल्यांचेही गुण असतात. आपल्याला चौघंही मारणारे हवेत. तू बाहेरून आम्हाला शिकव. कोच म्हणून."

"खेळताना बाहेरच्या माणसाला बोलता येत नाही," मी म्हणाले. "नियम आहे."

"आधी शिकव ना. आधी."

मग तो म्हणाला, "आपण हात वर करून ठरवू." आणि त्यानं स्वतःचा हात वर केला. रिबेका गोधडीच्या कडेचे दोरे उपसत बसली होती. तिनं मान हलवली, नाही म्हणून. मग मी वैभवकडं बघितलं. माझा भाऊ, माझ्याच घरात राहणारा, खेळ मीच ज्याला शिकवला तो. त्यानं माझ्याकडं न बघता हळूच हात वर केला.

मी वैभवचा वर झालेला हात मोजला, माझा स्वतःचा मात्र खालीच राहिला. स्वतःसाठी हात वर करायचा असतो हे मला सुचलंसुद्धा नाही.

पुढचे दिवस कसे गेले सांगता येणार नाही. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवण. वैभव पानातली चटणी चिवडत बसायचा. एकदा स्वयंपाकघरात त्यानं मला गाठलं आणि म्हणाला, "ताई, तुला राग आलाय का?" मी म्हणाले, "कसला राग, तुम्ही जिंका म्हणजे झालं." असं खोटं बोलण्याचंही एक कौशल्य असतं, त्यात मी पडद्यावर सगळ्यांत वर आले असते. गच्चीवरून त्यांचे आवाज यायचे आणि मी खाली पुस्तक उघडून तीच ती आकृती बघत बसायचे. मनात एकच चाललेलं. हे लोक हरले, तर मला बरं वाटेल का? वाटेल, असं उत्तर यायचं आणि मला स्वतःची शिसारी यायची. आणि जिंकले तर? मग मी इतके दिवस केलं ते काय होतं? नकाशाकडं बघून बडबडणं?

स्पर्धेच्या दिवशी घरात बसवेना. सकाळची एसटी धरली आणि तिसगावला गेले. हुरडा संपला होता. दाणे टणक झाले होते, काढणी लागली होती. बायका ओळीनं ज्वारी उपटत चालल्या होत्या. मामी मला बघून चकित झाली. "पेपर न्हाईत का तुला?" मी म्हटलं, आहेत पुढच्या आठवड्यात. शेतात मोबाईलला रेंज फक्त मोटारीच्या खोलीपाशी यायची. दुपारी मी तिथं सावलीला बसले आणि स्पर्धेचं थेट प्रक्षेपण लावलं. न बघण्यासाठीच तर इतक्या लांब आले होते, पण हात थांबेनात. मामी पदरानं तोंड पुसत शेजारी येऊन टेकली. "आमचा वैभ्या दिसतोय का यात?"

सुरुवातीचे डाव बरेवाईट गेले. शेवटच्या डावात वर्तुळ एका कंपाउंडवर येऊन थांबलं. आमची धरून तीनच चौकड्या उरल्या होत्या. ओंकार एकाच्या मागं धावला, त्याला पाडलं, आणि लगेच स्वतः पडला. उरले हार्दिक, रिबेका आणि वैभव. तेवढ्यात प्रक्षेपण करणाऱ्यांनी आमच्या चौकडीच्या हेडफोनमधलं बोलणं सगळ्यांना ऐकवलं.

"कुणी मारू नका. आत्ता न्हाई." वैभवचा आवाज. "हार्दिक, भिंत सोडू नको. ते दोघं आधी एकमेकाला बघतील, बघू दे. रिबेका, तू फक्त ऐक अन् सांग."

मामीनं माझा दंड धरला. "ह्यो वैभ्या बोलतोय? ह्याला एवढं बोलता येतं व्हय?"

तो आवाज त्याचा होता, पण वाक्यं माझी होती. ती थांबण्याची जागा माझी, तो 'आत्ता नाही' माझा, रिबेकाला ऐकायला लावणं माझं. मी गच्चीवर किती दिवस हेच बोलत आले होते. फक्त तो अधिक सावकाश बोलत होता, आणि मला येत नव्हती ती एक गोष्ट करत होता. मध्येच विचारत होता. "हार्दिक, तुला काय वाटतं? जायचं?" हार्दिक म्हणाला, "थोडं थांबू." आणि ते थांबले. समोरच्या दोन चौकड्या एकमेकींवर तुटून पडल्या. मग वैभव म्हणाला, "आता." एक चौकडी संपली. दुसरीतल्या शेवटच्या माणसानं या तिघांना एकेक करून टिपलं, काय सुंदर टिपलं, आणि डाव गेला. आमची चौकडी स्पर्धेत दुसरी आली.

मी उठून ओरडले. खरंच ओरडले, टाळ्या वाजवल्या, मामीला मिठी मारली. ज्वारी उपटणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघायला लागल्या. आणि मग मी मोटारीच्या खोलीमागं जाऊन रडले. मामीला वाटलं आनंदानं. तेही होतं त्यात. पण दुसरंही होतं, आणि त्याला मला आजवर नाव देता आलेलं नाही. ओंकारचा नेम कुणी उचलून नेऊ शकत नव्हतं. माझं मात्र कुणीही शेजारी बसून ऐकलं तरी त्याच्याकडं जात होतं. जे असं सहज दुसऱ्याचं होतं, ते माझं होतं का? की दुसऱ्याकडं गेल्यावर तिथंही चालतं, म्हणून तेच खरं?

चौकडी नंतर विखुरली, जशा विखुरतात. ओंकारचा अंगठा सांध्यात दुखायला लागला, डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितला. आता तो वडिलांच्या दुकानात बसतो. मध्ये भेटला तेव्हा म्हणाला, "हल्लीची शाळकरी पोरं मला उभंसुद्धा राहू देत नाहीत." रिबेका नाशिकला असते, अजून गाते. हार्दिकचं काही कळलं नाही. मी शिकवते. आणि वैभवनं तिसगावात ठिबक सिंचनाचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकाशी तासन्‌तास बोलतो म्हणे.

परवा मी गेलेच हुरड्याला. ऊन उतरलं होतं, आगटीभोवती घरची आणि शेजारची माणसं बसली होती. वैभव कणसं भाजत होता. बाकीचे रान बघायला पांगले आणि आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मी विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

"तू तेव्हा हात वर का केला होतास रे?"

त्याला कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही. काठीनं विस्तव सारखा करत राहिला. "हार्दिक भारी होता म्हणून न्हाई," तो म्हणाला. "तू असतीस तर मी कधीच बोललो नसतो, ताई."

"म्हणजे?"

"मलाबी दिसायचं ना. पूल, नदी, समदं. पन मी तोंड उघडायच्या आधी तू सांगितलेलं असायचं. अन् ते बरोबरच असायचं. मग काय बोलायचं?"

डोळ्यांसमोर माझा वर्ग आला. मी प्रश्न विचारते, आणि कुणी हात वर करायच्या आत उत्तरही मीच सांगून टाकते, उत्तर बरोबर असतं, आणि मुलं ते उतरवून घेतात. छान शिकवतात मॅडम, असं म्हणतात. वैभवला इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं, तुला काय वाटतं. मला राग आला. त्याचा आला, आणि त्याचं खरं होतं याचा जास्त आला. तरी एक गोष्ट मी त्याला सांगून टाकली, "मला लई लागलं होतं तेव्हा." तो म्हणाला, "मला माहीत हुतं. मलाबी लागलं हुतं."

त्यानं हात पुसले आणि खिशातून मोबाईल काढला. "खेळायचं का एक डाव?"

आता शेतात सगळीकडं रेंज येते. आम्ही दोघं, आणि बेटावर भेटलेले दोन अनोळखी. बोटं अवघडलेली, पहिल्याच घरात मी दारावर आपटले. तरी कसेबसे तगलो. ते दोघं अनोळखी लवकर मेले. वर्तुळ लहान होत आलं, आणि आम्ही एका टेकडीमागं पडून राहिलो. आणि मला ते सगळं परत दिसायला लागलं, लख्ख. डावीकडच्या झाडीत कुणीतरी होतं. उजवीकडचा रस्ता मोकळा होता, पण फार वेळ राहणार नव्हता. आत्ता निघायला हवं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं. वैभव माझ्या शेजारी, विस्तवाच्या उजेडात, पडद्यावर वाकलेला. तो काहीच बोलत नव्हता. त्याला दिसलंय की नाही? क्षण जात होते. ओठ मिटून धरणं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. बंदूक उसळू न देणं यापुढं काहीच नाही.

"ताई," तो न राहवून म्हणाला, "बोल ना. कुठं जायचं?"

"तू सांग," मी म्हणाले. "मी येते मागनं."